फाल्गुनातील ओढ्यावर मरळीचा गळ

पावसाळा ओसरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि नदीचे पाणी मागे तुंबू लागते. हा फुगवटा नदीच्या पात्रापुरता राहत नाही. बाजूने येऊन मिळणाऱ्या लहान ओढ्यांच्या मुखांतही तो बराच आत शिरतो. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढे पंचगंगा, या सर्वच नद्यांच्या काठाने अशी मुखे आहेत. पाणी जवळजवळ स्थिर, खोली गुडघ्यापासून छातीपर्यंत, तळाला मऊ गाळ, काठाला लव्हाळा आणि पाणकणीस, वर वाळुंजाच्या किंवा करंजाच्या फांद्या, असे ज्या मुखाचे रूप असेल तेथे मरळ हा मासा असण्याची शक्यता मोठी असते. माघ सरताना आणि फाल्गुनात तिला गळाने कसे धरावे, हे येथे सांगतो.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असे आपल्याकडे म्हणतात, आणि मरळीच्या बाबतीत ते चांगले लागू पडते. माशाच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेवर अवलंबून असते. पौष-माघातील गार पाण्यात मरळ गाळाशी बसून राहते आणि नाकासमोरून आमिष गेले तरी अनेकदा हलत नाही. दिवसाचे ऊन कडक होऊ लागले की प्रथम उथळ पाणी तापते आणि मरळ काठाकडे सरकते. अमेरिकेतील ओढ्यांवर स्मॉलमाउथ बास या माशासाठी वसंतात गळ टाकणारे लोक थर्मामीटरने पाण्याचे तापमान पाहतात, कारण तेथील पाणी गोठण्याच्या पातळीजवळून वर येत असते आणि साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास तो मासा खऱ्या अर्थाने हलू लागतो. आपले पाणी इतके गार कधीच होत नाही. आपली अडचण वेगळी आहे: या दिवसांत पाणी दररोज थोडे थोडे उतरते आणि निवळते, त्यामुळे आपल्याला मासा दिसण्याआधी माशाला आपण दिसतो. म्हणून फाल्गुनातल्या ओढ्यावर आमिषापेक्षा चालणे, उभे राहणे आणि पाहणे यांना अधिक महत्त्व आहे, असे माझे ठाम मत आहे.

पाहायचे काय, हे मला भोई समाजातील एका वृद्ध काकांनी शिकवले. मरळीला कल्ले असले तरी केवळ त्यांच्यावर तिचे भागत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवा घेण्याचे पोकळ इंद्रिय असते, आणि दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतल्याशिवाय ती जगू शकत नाही. म्हणजे मरळ कितीही दडून बसली तरी तिला आपला ठावठिकाणा सांगावाच लागतो. काठापासून दहा-बारा पावले मागे, झाडाच्या सावलीत बसावे आणि किमान वीस मिनिटे काठीला हात लावू नये. श्वास घेताना ‘गुप्’ असा बारीक, भरीव आवाज येतो, ताटलीएवढे वर्तुळ उमटते आणि पाठोपाठ दोन-चार बुडबुडे वर येतात. रोहू किंवा कटला वर उसळला तर पाणी उडते आणि शेपटी दिसते. चिलापी काठाशी चुटचुट करते. मरळीच्या श्वासात असे काहीच नसते. तेच वर्तुळ थोड्या वेळाने त्याच जागेच्या आसपास पुन्हा उमटले तर मरळ तेथेच मुक्कामाला आहे असे समजावे. वर्तुळे पुढे पुढे सरकत असतील तर ती शिकारीला निघालेली आहे, आणि गळाला लागण्यासाठी तीच अधिक योग्य.

सकाळी सूर्य पूर्वेला असताना ऊन प्रथम पश्चिमेच्या काठावर पडते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तेथील उथळ पाण्याकडे आधी लक्ष द्यावे. मात्र आपण समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर उभे राहिलो तर पाठीमागच्या उन्हामुळे आपली लांब सावली नेमकी त्या पाण्यावर जाते. मी पहिली दोन वर्षे हीच चूक करीत होतो आणि ओढ्यात मासाच नाही असे समजून घरी येत होतो. ऊन कुशीला राहील असे उभे राहावे, फिक्या रंगाचे कपडे टाळावेत आणि काठावर पाय आपटू नयेत, कारण ओल्या मातीतून तो हादरा थेट पाण्यात उतरतो. फाल्गुनाच्या आरंभी सकाळी दहा ते दुपारी साडेबारा आणि चारनंतर सूर्यास्तापर्यंतची वेळ उत्तम असते. होळीनंतर ऊन वाढत जाते तसा हा क्रम उलटतो आणि चैत्रात पहाट व संध्याकाळ यांशिवाय फारसे काही हाती लागत नाही.

साहित्य थोडे पण दणकट असावे. साडेसहा ते सात फुटांची, मधल्यापेक्षा थोडी कडक काठी, बेताचे स्पिनिंग रीळ आणि ३० ते ४० पौंड ताकदीचा विणीचा दोरा पुरेसा होतो. मरळ लागल्याबरोबर लव्हाळ्याच्या मुळांत घुसते, तेथे बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, तुटतो आणि गरी (गळाचा आकडा) तोंडात घेऊन मासा निघून जातो. हे त्या माशाच्या दृष्टीनेही वाईट आहे. तंगूसच वापरायचा असेल तर ०.४० मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नये. गरी १/० ते ३/० मापाची घ्यावी आणि तिचा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे सोडायचा मासा जखमी न होता सुटतो. लांब चिमटा, हातजाळी आणि एक ओले पोते एवढे सोबत असले म्हणजे झाले.

आमिषाबद्दल मते वेगवेगळी आहेत. जुने लोक जिवंत बेडकी लावत; ती मरळीला आवडते यात शंका नाही, पण बेडूक शेतातील किडे खाऊन आपलेच काम करतो, आणि त्याला गरीत ओवून पाण्यावर नाचवणे मला पाहवत नाही. पोकळ रबरी बेडूक हा त्याला उत्तम पर्याय आहे. त्याच्या दोन्ही गऱ्या अंगालगत वर वळलेल्या असतात, त्यामुळे तो शेवाळावरून आणि जलपर्णीच्या पानांवरून न अडकता सरकतो. पाणी मोकळे असेल तर चिलापीचे बोटाएवढे पिल्लू किंवा जाड गांडुळांचा गुच्छ भेंडाच्या तरंग्याखाली हातभर खोलीवर सोडावा. चिलापी मूळची परदेशी आहे आणि आपल्या पाण्यात बेसुमार वाढली आहे, त्यामुळे तिचे पिल्लू खर्ची पडल्याने ओढ्याचे नुकसान होत नाही.

आता प्रत्यक्ष फेक. श्वासाचे वर्तुळ दिसले की त्यावर बेडूक टाकण्याचा मोह होतो, आणि तसे केल्यास मरळ हमखास पळते. वर्तुळाच्या पलीकडे पाच-सहा फूट, शक्यतो काठाच्या गवतावर बेडूक पडू द्यावा, पाण्यावरील लाटा विरेपर्यंत थांबावे, आणि मग तो गवतावरून आपल्या इच्छेने उतरल्यासारखा अलगद पाण्यात ओढावा. दोन-तीन छोटे झटके, मग थांबा. पुन्हा दोन झटके, पुन्हा थांबा. शेवाळाची कड संपून मोकळे पाणी सुरू होते त्या रेषेवर सर्वांत अधिक वेळ थांबावे, कारण मरळ बहुधा त्याच रेषेखाली दबा धरून असते. पाणी अजून गार असेल तर थांबण्याचा काळ वाढवावा. दहापर्यंत अंक मोजणे ही मी स्वतःला लावून घेतलेली सवय आहे. मागे लव्हाळ्याचे पाते हलले किंवा पाण्याला बाणासारखी घडी पडली, तर मरळ पाठलाग करीत आहे. त्या क्षणी वेग वाढवू नये आणि थांबूही नये. आहे त्याच चालीने बेडूक येऊ द्यावा.

घाव बसतो तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो आणि हात आपोआप काठी उचलतो. येथेच बहुतेक मरळी सुटतात. मरळ बेडकाला आधी जबड्यात धरते, खाली नेते आणि मग तोंड मिटून वळते. तिने वळण्यापूर्वी झटका दिला तर रबर तिच्या दातांतून निसटून आपल्याच अंगावर येते. तुळशीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर मी एका सकाळी एकाच मरळीला तीन वेळा असे घालवले, आणि चौथ्या वेळी ती आलीच नाही. आता मी पाणी फुटल्यावर काठीचे टोक खाली नेतो, मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणतो, दोरा ताणला जाऊन वजन जाणवले की मगच रेटून वर उचलतो. लागल्यानंतर मात्र मुळीच ढील देऊ नये. पहिली पाच सेकंदे तिचे डोके वर ठेवता आले आणि तिला मुळांपासून मोकळ्या पाण्याकडे वळवता आले, तर ती काठाला येते. घाव चुकला असेल तर त्याच जागी लगेच बेडूक न टाकता पाच मिनिटे थांबावे आणि दुसऱ्या काठीवरचा गांडुळांचा गुच्छ तेथे हळूच सोडावा. डिवचलेली मरळ तो बऱ्याचदा घेते.

काठावर आलेली मरळ शांत पडून राहते आणि आपण निर्धास्त होताच अंगाला पीळ देऊन उसळते. तिचे दात बारीक पण धारदार असतात, त्यामुळे तोंडात बोट घालू नये. ओल्या फडक्याने डोक्यामागे, कल्ल्यांच्या झाकणांवरून वरच्या बाजूने घट्ट धरावे आणि गरी चिमट्याने काढावी. ती हवा घेऊ शकत असल्याने ओल्या पोत्यात बराच वेळ जिवंत राहते आणि तोंड उघडे राहिलेल्या पिशवीतून बाहेर पडून सरपटत पुन्हा ओढ्यात जाते. खायची असेल तर तिला तासन्‌तास तडफडत ठेवण्याऐवजी डोक्यावर एकच जोरदार फटका देऊन लगेच मारावे. दोन वितींपेक्षा लहान मरळ नेहमी परत सोडावी. बाकी स्वयंपाकाबद्दल सांगायची गरज नाही. काटे कमी आणि मांस घट्ट, त्यामुळे तळायला व रश्श्याला दोन्हीकडे ती चालते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. मळीमिश्रित किंवा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो, इतर मासे तोंड वर काढून मरू लागतात, पण मरळ वरची हवा घेऊन तग धरते. त्यामुळे ‘येथे मरळ आहे, म्हणजे पाणी चांगले आहे’ हा निष्कर्ष साफ चुकीचा ठरतो. पाण्याला फेस, काळपट रंग किंवा आंबूस वास असेल, तर तेथील मासा घरी नेऊ नये. बारीक मासळी, खेकडे आणि झिंगे ज्या ओढ्यात दिसतात, तोच ओढा आपला मानावा.

ओढ्यापर्यंतची वाट बहुधा कोणाच्या तरी उसातून जाते, म्हणून आधी विचारावे. ‘काका, बांधावरनं खाली उतरू काय?’ असे विचारल्यावर ‘जावा की, पर मोटरीच्या वायरीकडं बघून’ असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे, आणि त्यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. उपशाच्या मोटरींच्या वायरी गवतातून, कधी पाण्यालगत गेलेल्या असतात. त्यांच्या जवळ पाण्यात पाय घालू नये आणि पाइपच्या तोंडाशी असलेल्या ‘फुटबॉल’जवळ, म्हणजे पाणी ओढणाऱ्या फूट व्हॉल्व्हजवळ, गळ टाकू नये. धरणातून आवर्तन सुटले की आकाशात ढग नसतानाही नदी चढते, म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला खडकांवर अडकून पडेल असे बसू नये. याउलट उपसाबंदीच्या दिवसांत पाण्याची पातळी स्थिर राहते, मोटरींची घरघर थांबते आणि श्वासाचा आवाज लांबून ऐकू येतो. ते दिवस हेरून ठेवावेत. उन्हाला आलेली घोणस काठाच्या पाचटात असू शकते, त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काही भागांत मगरी आहेत, तेथे पाण्यात उतरून मासेमारी करू नये. तलाव आणि धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांची परवानगी घ्यावी. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतील ओढे आपल्यासाठी नाहीत.

हा हंगाम वळवाच्या पावसापर्यंत चालतो. पुढे बंधाऱ्यांचे बरगे निघतात, फुगवटा उतरतो, मृगाच्या पावसाने ओढे भरून वाहू लागतात आणि मरळी जोडीने उथळ गवतात जागा साफ करून अंडी घालतात. त्यानंतर कधी पाण्यावर लालसर-नारिंगी पिलांचा सुपाएवढा पुंजका एकदम वर येऊन एकदम खाली जाताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप राखण करीत असतात आणि पुंजक्यावरून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतात, त्यामुळे त्या वेळी मरळ धरणे सर्वांत सोपे असते. ती धरली की राखणदार नसलेली पिले थोड्याच वेळात इतर माशांच्या तोंडी जातात. असा पुंजका दिसला की दोरा रिळावर गुंडाळावा आणि त्या ओढ्यावर पुन्हा बरगे लागेपर्यंत जाऊ नये.