गवत कापण्याच्या यंत्राची बॅटरी वारंवार उतरत असेल तर

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राची १२ व्होल्टची बॅटरी दर आठवड्याला उतरू लागली, की बहुतेक जण थेट नवी विकत आणतात. माझ्या मते ती घाई आहे. आधी टर्मिनलवर (तारा जोडायच्या टोकांवर) साचलेली पांढरट-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व जुन्या टूथब्रशने साफ करावी आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून, तारा सोडवून, रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी मल्टीमीटरवर (व्होल्ट व अँपिअर मोजणाऱ्या मीटरवर) सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर दोष बहुधा बॅटरीत नसून यंत्रात आहे. इंजिन वेगात चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील, तर चार्जिंगची यंत्रणा तपासावी. तेही ठीक असेल, तर किल्ली बंद ठेवून निगेटिव्ह तार काढावी आणि ती तार व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावून पाहावा (या स्थितीत स्टार्टर मुळीच फिरवू नये, मीटरचा फ्यूज जातो). किल्ली बंद असूनही वाहणारा प्रवाह म्हणजे गळती; ५० मिलिअँपिअरची गळतीसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते, म्हणजे १८ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात रिकामी होते. एकेक जोडणी सोडवत जावे. जिथे आकडा शून्याकडे घसरेल, तिथेच गळती आहे.