ब्रिटिश तांब्याची नाणी जमवताय? मग चिंच लांब ठेवा, आणि या चुका टाळा

माझी पहिली १७९७ ची पेनी मी स्वतःच्या हाताने घालवली. मस्त चॉकलेटी रंग होता, मला वाटलं कळकट आहे, म्हणून घरातल्या तांब्याच्या भांड्यांना चोळतो तसं चिंच-मीठ चोळलं आणि दोन मिनिटांत नाणं गाजरासारखं गुलाबी. नंतर एका जाणकाराला दाखवलं तर त्याने हातात न घेताच "धुतलंय" म्हणून विषय संपवला. तो तपकिरी थर म्हणजे पॅटिना, मळ नव्हे. मूळ चमक कुठे उरलीच तर अक्षरांच्या सांदीकोपऱ्यात उरते, घासलेलं नाणं मात्र सगळीकडे सारखंच चकाकतं आणि भिंगाखाली एकाच दिशेचे ओरखडे दिसतात. हिरवी भुकटी पडत असेल तर ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

दुसरी चूक म्हणजे वजनकाटा न वापरणं. १८६० मध्ये ब्रिटनने नाण्यांसाठी तांबं सोडून ब्रॉन्झ (तांब्यात कथिल मिसळलेला मिश्रधातू) घेतलं, रंगावरून हे कळत नाही पण काट्यावर लगेच कळतं. एका पौंड वजनात १७९७ च्या पेन्या बसायच्या १६, १८०६ च्या २४, आणि ब्रॉन्झच्या तब्बल ४८! म्हणजे अंदाजे २८, १९ आणि साडेनऊ ग्रॅम. दहा ग्रॅमच्या आतली व्हिक्टोरिया पेनी कोणी "तांब्याची" म्हणून विकत असेल तर पुढे चला. काटा नसेल तर तारीख कुठे आहे ते बघा, व्हिक्टोरियाच्या तांब्याच्या पेनीवर ती राणीच्या मानेखाली असते आणि ब्रॉन्झवर मागच्या बाजूला, ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बसलेल्या स्त्रीच्या) पायाखाली.

आता ती १७९७ ची पेनी. मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमच्या सोहो मिंट या टाकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेली, जाड उंच काठ अगदी बैलगाडीच्या चाकाच्या धावेसारखा म्हणून नावच कार्टव्हील, आणि त्या काठात अक्षरं खोल कोरलेली. इथेच ग्रेडिंगला, म्हणजे झिजेवरून नाण्याचा दर्जा ठरवताना, लोक फसतात, कारण खोल अक्षरं झिजता झिजत नाहीत, ती ठसठशीत दिसली की आपण खुशीत व्हेरी फाइन (फाइनच्या वरचा दर्जा) म्हणून मोकळे. अक्षरं सोडा, राजा जॉर्ज तिसऱ्याचे केस आणि डोक्यावरच्या पानांच्या शिरा बघा, त्या सपाट असतील तर फाइनच्या वर जायचं नाही. मग कडेवरून बोट फिरवा, एवढं जड नाणं पडलं की काठाला ठोका बसतोच आणि विकणारा फोटो नेमका समोरून काढतो. आणि हो, सव्वादोनशे वर्षं जुनं म्हणून महाग असं नसतं बरं का, ही ढिगाने निघाली होती, झिजलेली अजूनही सहज मिळतात.

जॉर्ज तिसऱ्याच्या १७७० च्या दशकातल्या हाफपेनीत तर त्याच काळातली खोटी नाणी भरपूर आहेत. खऱ्यावर लॅटिनमध्ये जॉर्जियस आणि मागे ब्रिटानिया, पण खोटी बनवणाऱ्या काहींनी, हुबेहूब नक्कल ठरून पकडलं जाऊ नये म्हणून, "जॉर्ज रूल्स" असलं काहीतरी छापलेलं, त्यामुळे चित्र बघून थांबू नका, अक्षर न् अक्षर वाचा. गंमत म्हणजे ही खोटीही लोक आवडीने जमवतात.

शेवटचं तांब्याबद्दल नाही, ब्रॉन्झबद्दल, पण सांगतोच. १८८२ च्या पेनीवर तारखेखाली बारीक 'एच' असतो, हीटन मिंट या टाकसाळीची खूण. एच नसलेली दुर्मिळ, म्हणून काही महाभाग तो घासून काढतात. भिंग तिरपं धरून ती जागा बघा, आजूबाजूपेक्षा गुळगुळीत किंवा किंचित खोलगट लागली तर पाकीट खिशातच राहू द्या.