कांद्याच्या टरफलांनी ओढणी रंगवायची तर

लासलगाव-पिंपळगावचा कांदा घरात पोत्यानं येतो, तिथं टरफलांना काय तोटा? याच टरफलांनी पांढऱ्या सुती ओढणीला सोनेरी पिवळ्यापासून तांबूस खाकीपर्यंत रंग चढतो. निम्मा वेळ नुसता भिजत घालण्यात जातो, म्हणून हा उद्योग रविवारचा. तयारीला मात्र शनिवारी संध्याकाळीच लागायचं.

१०० ग्रॅम कोरड्या कापडाला १०० ग्रॅम टरफलं, २० ग्रॅम हिरड्याची पूड आणि १५ ग्रॅम तुरटी असं प्रमाण. टरफलं वजनाला फार हलकी, १०० ग्रॅममध्ये मोठी पिशवी भरते. घरची कमी पडली तर भाजीवाल्याच्या टोपलीच्या तळाशी असतात, मागितली की मिळतात. ज्या सालीवर काळी भुकटी दिसते आणि बोटाला लागते ती बुरशी. तेवढी साल बाजूला काढा. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो.

शनिवारी संध्याकाळी ओढणी धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळा, लिटरला एक चमचा सोडा. नव्या कोऱ्या कापडाचं पाणी चहासारखं होतं. ती खळ आणि तेलकटपणा. कंटाळा करून ही पायरी गाळली की रंगाचे डाग पडतात आणि दोष उगाच टरफलांना जातो. मग स्वच्छ धुऊन, हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात ओढणी रात्रभर बुडवून ठेवा. रंग पक्का करते ती तुरटी; पण सुती धागा तिला नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तिला धरून ठेवतं. रेशमाला किंवा लोकरीला हिरड्याची गरज नाही. पॉलिस्टरवर हा रंग बसतच नाही.

सकाळी ओढणी पिळा, धुऊ नका, सावलीत सुकवा. तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या, ओढणी बुडेल इतकं पाणी घाला आणि दोन तास ठेवा. मिसळ खाऊन यायला हीच वेळ.

परत आलात की टरफलं चार लिटर पाण्यात मंद आचेवर पाऊण तास शिजवा आणि फडक्यानं गाळा. भांडं स्टीलचं आणि ऐसपैस हवं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लोखंडी कढईत हिरडा आणि लोह एकत्र येऊन कापड काळपट होतं. मुद्दाम करडी छटा हवी असेल तर गोष्ट वेगळी, पण लोहानं सूत कालांतराने कमजोर पडतं.

बांधणी करायची असेल तर ती आता, ओढणी ओली असतानाच. हरभऱ्याचा दाणा कापडात धरा आणि त्याच्या बुडाशी दोरा सात-आठ वेढे ताणून गुंडाळा. सैल गाठीत रंग शिरतो आणि ठिपक्याऐवजी ओघळ दिसतो. हिरड्यामुळे ठिपका पांढराशुभ्र येत नाही, सायीच्या रंगाचा येतो.

आता गाळलेल्या कोमट रंगात ओढणी सोडा, हळूहळू तापवा, उकळी फुटू देऊ नका. पाऊण तास लाकडी काठीनं वरखाली करत राहा; घडी पडून राहिली तर तिथं पट्टा उमटतो. मग गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या. ओला रंग गडद वाटतो, सुकल्यावर बराच उतरतो, म्हणून घाईनं बाहेर काढू नका.

साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला. गाठी अर्धवट सुकल्यावर दोन्ही बाजूंनी कापड ओढून सोडवा. कात्री लावली की भोक पडलंच. पुढं धुवायला रिठा वापरा, कारण साबणाच्या क्षारानं छटा बदलते. गच्चीवरच्या उन्हात मात्र कधीच नको, कांद्याचा रंग उन्हात विटतो. उरलेल्या रंगात अजून एखादा रुमाल फिकट पिवळा निघेल.