कोरियाच्या जुन्या नाण्याचे चलन कसे ओळखावे

बडोद्यात ज्यांच्या घरी तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या काळातला चांदीचा रुपया जपून ठेवला आहे, त्यांना त्यावरील संवत् १९४८ मधून ५७ वजा करून १८९१ हे साल काढण्याची सवय असते. कोरियाचे नाणे ओळखतानाही आधी सालच शोधावे, कारण मुन, यांग आणि ह्वान ही तेथील जुनी चलने वेगवेगळ्या काळातली आहेत.

मध्ये चौकोनी भोक असलेल्या ओतीव नाण्यावर साल नसते. ते नाणे मुनचे समजावे. त्यातली १६७८ पासून नियमित पाडलेली नाणी सर्वांत परिचित असून, त्यांवरील चार अक्षरे वर, खाली, उजवीकडे आणि डावीकडे या क्रमाने ‘सांगप्योंग थोंगबो’ अशी वाचावीत. मुनच्या चिनी अक्षराचा अर्थ ‘लेखन’ असा आहे आणि जपानच्या मोन या जुन्या चलनाचे अक्षरही तेच. असे नाणे चिंच लावून घासू नये. काळवंडलेला थर गेला की अक्षरांच्या कडाही झिजतात.

भोक नसेल, यंत्राची छाप असेल आणि रोमन लिपीत यांग किंवा फुन (यांगचा शंभरावा भाग) लिहिलेले असेल, तर नाणे १८९२ नंतरच्या दशकातले आहे. त्यावरील साल जोसॉन राज्याच्या स्थापनेपासून मोजलेले असल्यास त्यात १३९१ मिळवावेत, म्हणजे ५०१ चे १८९२ होते. यांग हे मुळात सुमारे साडेसदतीस ग्रॅमचे वजन, पण १८९२ चे पाच यांगचे चांदीचे नाणे जेमतेम २७ ग्रॅम भरते; तेव्हा नावावरून वजनाचा अंदाज बांधू नये आणि वजन जुळत नाही म्हणून नाणे खोटेही ठरवू नये.

सर्वांत जास्त गोंधळ ह्वानच्या नाण्यांत होतो, कारण त्यांवर ४२९२ असा आकडा दिसतो. ही दानगुन या पुराणपुरुषापासूनची गणना आहे. २३३३ वजा केले की १९५९ मिळते. पन्नास ह्वानवर कासवाच्या आकाराची युद्धनौका आहे, ती ओळखायला सोपी. ह्वानच्या अक्षराचा अर्थ ‘गोल’ असा असून युआन, येन आणि वॉन ही नावेही त्याच अर्थाची आहेत. फेब्रुवारी १९५३ मध्ये शंभर वॉनला एक ह्वान या दराने हे चलन आले आणि जून १९६२ मध्ये दहा ह्वानला एक नवा वॉन या दराने गेले. दहा आणि पन्नास ह्वानची नाणी मात्र १९७५ पर्यंत एक आणि पाच वॉन म्हणून चालत राहिली, म्हणून ती फार झिजलेली असली तरी संशय घेऊ नये.