चार बाजूंवरून शेताचं क्षेत्र निघत नाही: मोजणीचं गणित शिकायचं तर असं शिका

"चारही बाजू टेपने मोजा, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा, दोन्ही सरासरींचा गुणाकार करा, झालं क्षेत्र." हा सल्ला मी तीस वर्षं बांधाबांधावर ऐकतोय. देणारा प्रत्येक वेळी ठामपणे देतो आणि प्रत्येक वेळी तो चुकीचा असतो. या रीतीने आलेलं क्षेत्र खऱ्या क्षेत्राइतकं येतं ते फक्त चौकोन काटकोनी असेल तेव्हा. एरवी ते कायम जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. जमीन घेणाऱ्याच्या खिशातून हा फरक जातो.

का, ते घरातल्या जुन्या खाटेवर दिसतं. नवार सैल झालेली खाट एका कोपऱ्याने ढकलली की तिरकी होते. चारही लाकडं तेवढ्याच लांबीची राहतात, पण आतली जागा कमी होते. म्हणजे चार बाजू माहीत असल्या तरी क्षेत्र ठरत नाही, सोबत एक कर्ण तरी लागतो, नाहीतर कोन लागतात. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त हेच बजावलंय: कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्र विचारणारा पिशाच, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच.

खालची सगळी रीत एकाच शेतावर दाखवतो. वही घ्या आणि सोबत करत चला, नुसतं वाचून हे येत नाही.

मैदानातून काय आणायचं

बाजूंच्या लांब्या, प्रत्येक कोपऱ्यावरचा आतला कोन आणि पहिल्या बाजूची दिशा. चालताना शेत डाव्या हाताला ठेवा. मग मागच्या खुणेकडून पुढच्या खुणेकडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेला कोन हाच आतला कोन असतो आणि पुढचा निम्मा गोंधळ टळतो. उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजू नका. १० अंशांच्या उतारावरचे ३० मीटर आडवे धरले तर २९.५४ मीटरच भरतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे विसरून चालत नाही.

आपलं शेत: अब ९२.३२ मी., बक ८० मी., कड ९० मी., डअ १०० मी. आतले कोन: अ ७७°३२′, ब १०२°२८′, क ९०°, ड ९०°. अब ची दिशा, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेलं बेअरिंग, १३०°४०′.

कोनांची बेरीज करा. चौकोनाला ३६०°, पाच कोपऱ्यांना ५४०°. इथे बरोबर ३६०° येते. काही मिनिटांचा फरक आला तर सगळ्या कोनांत सारखा वाटून टाका. अंशभर फरक असेल तर वाटत बसू नका, पुन्हा शेतात जा.

बेअरिंग: इथे बहुतेकांचं घोडं अडतं, माझंही अडलं होतं

नियम एका ओळीचा आहे. आधीच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये कोपऱ्यावरचा आतला कोन मिळवा. बेरीज १८०° पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर १८० वजा करा. ५४० च्या वर गेली तर ५४० वजा करा.

ब वर: १३०°४०′ + १०२°२८′ = २३३°०८′, वजा १८०°, म्हणून बक चं बेअरिंग ५३°०८′.
क वर: ५३°०८′ + ९०° = १४३°०८′, अधिक १८०°, म्हणून कड चं ३२३°०८′.
ड वर: ३२३°०८′ + ९०° = ४१३°०८′, वजा १८०°, म्हणून डअ चं २३३°०८′.
आता अ वर पुन्हा करा: २३३°०८′ + ७७°३२′ = ३१०°४०′, वजा १८०° = १३०°४०′. जिथून निघालो तिथेच आलो. ही शेवटची ओळ कधीही गाळू नका.

आता प्रत्येक बाजू उत्तरेकडे किती सरकली आणि पूर्वेकडे किती, हे काढायचं. उत्तरेचा फरक म्हणजे लांबी × कॉस बेअरिंग. पूर्वेचा फरक म्हणजे लांबी × साइन बेअरिंग. पुस्तकांत त्यांना लॅटिट्यूड आणि डिपार्चर म्हणतात. बरेच शिक्षक इथे आधी बेअरिंग 'दक्षिण ४९°२०′ पूर्व' अशा रूपात बदलायला लावतात आणि मग अधिक-उणे चिन्हं पाठ करून घेतात. माझं मत स्पष्ट आहे: ते करू नका. ती रीत छापील कोष्टकं वापरायच्या काळातली, कारण कोष्टकात ९०° च्या पुढचे आकडे नसायचे. कॅल्क्युलेटरमध्ये १३०°४०′ जसंच्या तसं घाला, चिन्ह आपोआप बरोबर येतं. जितक्या वेळा तुम्ही हाताने चिन्ह लावाल तितक्या वेळा चुकायची जागा तयार कराल.

कॅल्क्युलेटरच्या दोन गोष्टी मात्र कसोशीने पाळा. सुरुवातीला साइन ३० करून बघा, ०.५ आलं नाही तर तो अंशांवर लावलेला नाही. आणि मिनिटं दशांशासारखी टाकू नका. ५३°४८′ म्हणजे ५३.४८ नव्हे, ५३.८ आहे. ही एकच चूक १०० मीटरवर खूण ५६ सेंटिमीटर बाजूला नेते. अंश-मिनिटांचं वेगळं बटण असतं, तेच वापरा.

आपल्या शेताचे आकडे असे येतात:

अब: उत्तर −६०.१६, पूर्व +७०.०३
बक: उत्तर +४८.००, पूर्व +६४.००
कड: उत्तर +७२.००, पूर्व −५४.००
डअ: उत्तर −६०.००, पूर्व −८०.००

हे झालं सरळ गणित. खरा सापळा उलट्या गणितात आहे. दोन खुणांचे उत्तर-पूर्वेचे आकडे हातात आहेत आणि त्यांच्यामधलं बेअरिंग हवंय, तेव्हा सगळे पूर्वेच्या फरकाला उत्तरेच्या फरकाने भागून टॅन इन्व्हर्स दाबतात. कड वर करून बघा: −५४ भागिले ७२, उत्तर −३६°५२′. त्यात ३६० मिळवलं की ३२३°०८′, बरोबर. म्हणून माणूस नियम करतो: उणे आलं की ३६० मिळवायचं. आता तेच अब वर करा. ७०.०३ भागिले −६०.१६, उत्तर −४९°२०′, अधिक ३६०° म्हणजे ३१०°४०′. खरं बेअरिंग १३०°४०′ आहे. आपण बरोब्बर उलट दिशेला तोंड करून उभे!

मी ही चूक एका शेतात केलीय. बांधावरचा जुना हद्दीचा दगड मातीखाली गेला होता, तो एका पक्क्या खुणेपासून १८ मीटरवर असायला हवा होता. मी बेअरिंग काढलं, टेप धरली आणि खणायला लावलं. दुपारपर्यंत दोन गडी खणत होते, दगड नाही. मालकाचा आवाज चढत गेला: शेजाऱ्यानेच उपटला असणार. शेजारीही बांधावर येऊन उभा राहिला. प्रकरण तक्रारीपर्यंत जायला फार वेळ लागला नसता. जेवायच्या सुट्टीत वही पुन्हा उघडली तेव्हा उत्तरेच्या फरकामागचं उणे चिन्ह दिसलं. दगड खुणेच्या दुसऱ्या अंगाला १८ मीटरवर निघाला, फूटभर मातीखाली, जागचा हललेला नव्हता. एका निरपराध माणसावर माझ्या बटणामुळे चोरीचा आळ आला होता. त्याची मी तिथेच सगळ्यांसमोर माफी मागितली.

कारण समजून घ्या. उणे भागिले अधिक आणि अधिक भागिले उणे, दोन्हींचं उत्तर उणेच. भागाकार केल्याबरोबर कोण उणे होतं ही माहिती पुसली जाते. म्हणून नियम असा: उत्तरेचा फरक उणे असेल तर १८० मिळवा. तो अधिक आणि पूर्वेचा उणे असेल तर ३६० मिळवा. दोन्ही अधिक असतील तर काही करू नका. त्याहून बरं म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं पोल हे बटण: आधी उत्तर, मग पूर्व घाला, अंतर आणि कोन दोन्ही मिळतात. कोन उणे आला तर, आणि तेव्हाच, ३६० मिळवा. शिवाय दरवेळी वहीत बाणाने कच्चं चित्र काढा. अब दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जातेय हे चित्रात दिसतं, मग ३१०° डोळ्याला खटकतंच.

आकृती मिटते का

फिरून जागेवर आलो तर दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. आपल्या येतात उत्तर −०.१६ आणि पूर्व +०.०३. दोन्ही मिळून (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) चूक सुमारे १६ सेंटिमीटर, परिमिती ३६२.३२ मीटर, म्हणजे २२०० मीटरला एक मीटर या प्रमाणात. टेपने केलेल्या शेताच्या कामाला एवढी चालते.

ही चूक लांबीच्या प्रमाणात वाटायची, याला बाउडिच रीत म्हणतात. डअ च्या वाट्याला ०.१६ × १०० ÷ ३६२.३२, म्हणजे ०.०४ मीटर. इथे चारही बाजूंना उत्तरेत ०.०४ मिळवा. पूर्वेत सगळ्यात आखूड बक सोडून बाकी तिघींतून ०.०१ वजा करा. बेरजा आता शून्य.

काही जण शेवटची बाजू मोजतच नाहीत, "गणितातून निघते की" म्हणतात. निघते, पण बाकी तीन बाजूंच्या सगळ्या चुका पोटात घेऊन निघते आणि आकृती नेहमीच सुंदर मिटलेली दिसते. असं काम कोणी तुमच्याकडे आणलं तर घेऊ नका. आकृती मिटली म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. टेप ताणून लांबलेली असेल तर सगळ्या बाजू सारख्याच प्रमाणात चुकतात आणि आकृती तरीही मिटते. पहिलं बेअरिंग चुकलं तर अख्खं शेत कागदावर फिरतं, आणि तेही मिटलेलंच असतं.

क्षेत्र

अ ला (०, ०) धरा आणि फरक मिळवत चला: ब (−६०.१२, ७०.०२), क (−१२.०८, १३४.०२), ड (५९.९६, ८०.०१). पहिला आकडा उत्तर, दुसरा पूर्व. प्रत्येक खुणेचा उत्तर × पुढच्या खुणेचा पूर्व, वजा पुढच्या खुणेचा उत्तर × हिचा पूर्व. सगळ्यांची बेरीज −१६२१३.८० येते. चिन्ह सोडा, निम्मं करा: ८१०७ चौ. मी.

आता टेप घेऊन अ ते क कर्ण खरंच मोजा. आकड्यांवरून तो १३४.५६ मीटर यायला हवा. आला, तर त्याने झालेले दोन त्रिकोण तीन बाजूंच्या सूत्राने सोडवा: निम्मी परिमिती आणि तिच्यातून एकेक बाजू वजा करून आलेले तीन, अशा चारही आकड्यांचा गुणाकार, मग वर्गमूळ. एक ३६०६, दुसरा ४५००, बेरीज ८१०६. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यापाशी आलात की त्या आकड्याखाली सही करा.

सरासरीच्या रीतीने हेच शेत ८२०४ चौ. मी. भरतं. फरक ९७ चौ. मी., जवळजवळ एक गुंठा. तेही या शेताचे दोन कोन काटकोन असताना. जास्त तिरक्या शेतात फरक कितीतरी वाढतो.

सातबाऱ्याशी ताडताना आर आणि गुंठा एकच धरू नका. आर म्हणजे १०० चौ. मी. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १०८९ चौ. फूट, १०१.१७ चौ. मी. ४० गुंठ्यांचा एकर, आणि जुन्या टिपणातला आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग. क्षेत्रातही १६ आणे म्हणजे एक गुंठा. आपलं शेत ०.८१.०७ हेक्टर-आर-चौ. मी., म्हणजे ८०.१३ गुंठे: २ एकर आणि वर २ आणे. सातबाऱ्यावर वेगळा आकडा असेल तर शेजाऱ्याशी बोलण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. हद्द तिथल्या मोजणीने ठरते. तुमची वही हाताशी असली की भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, काय करतोय ते तुम्हाला उभ्या उभ्या कळेल.