पक्षाचं नाव कसं वाचावं? (ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका मास्तरांचा सल्ला)

निवडणूक ड्युटी केलेला माणूस म्हणून आधी हे सांगतो: मतदान यंत्रावर पक्षाचं नाव नसतंच. उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह, बस्स. पक्षाचं नाव बघायचं तर केंद्राबाहेर चिकटवलेली उमेदवारांची यादी वाचा. त्यात आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नुसते नोंदणीकृत, शेवटी अपक्ष. मिनिटभराचं काम, पण रांगेतले लोक मोबाइलच बघतात!

नावातला प्रत्येक शब्द वेगळा काढा. ‘सेना’, ‘विकास’, ‘नवनिर्माण’ हे भावना चाळवणारे शब्द. त्यांवरून धोरण कळत नाही. त्यासाठी जाहीरनामा चाळा.

आता कंसातला मजकूर, म्हणजे फुटलेल्या पक्षाच्या नावापुढे येणारं गटाचं नाव, जसं ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’. आमच्या ठाण्यात हा फार महत्त्वाचा. शिवसेनेला पहिली सत्ता इथेच मिळाली, १९६७ साली. त्यामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये, पक्ष फुटल्यावर, निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिले, तेव्हा नाक्यावर चर्चा धोरणाची नव्हती, ‘खरी कुठली’ याची होती. नाव मत फिरवतं का? माझ्या मते, वर्षानुवर्षं एकाच पक्षाला मत देणाऱ्याला नाव धरून ठेवतं. नव्या मतदारावर त्याची जादू कमी.

चिन्हाची मात्र खात्री कराच. २०२४च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवार गटाच्या उमेदवाराचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होतं आणि एका अपक्षाकडे तुतारीसारखीच पिपाणी. पिपाणीला ३७ हजारांवर मतं पडली, आणि तुतारीवाले हरले सुमारे ३२ हजारांनी. आजीला घरून निघतानाच चिन्हाचं चित्र दाखवा, केंद्रात नव्हे. तिथे प्रचाराला बंदी आहे.