कृष्णवर्णीय क्वीअर कलाकारांसाठी जागा करताय? या चुका टाळा

गेली १४ वर्षं मी लंडनमध्ये प्रदर्शनं लावण्याचं काम करते. भिंतीला भोकं पाडायची, फ्रेमा टांगायच्या, दिव्यांचे कोन बसवायचे आणि शेवटी सगळं पुन्हा खोक्यांत भरायचं. क्युरेशन, म्हणजे प्रदर्शनासाठी कामं निवडणं आणि मांडणं, शिकायला आलेली आपल्याकडची मुलंमुली दरवर्षी सल्ला विचारायला येतात, आणि त्यांतल्या एकदोघांना तरी कृष्णवर्णीय क्वीअर (समलैंगिक, ट्रान्स अशा) कलाकारांसाठी काहीतरी करायचं असतं. हे काम व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव कासावीस होतो.

‘पहिल्यांदाच’ हा शब्द

प्रदर्शनाच्या निवेदनाच्या पहिल्याच ओळीत हा शब्द दिसला की मी कागद परत करते. रोटिमी फानी-कायोदे यांचं नाव ऐकलंय का, एवढंच विचारते. लागोसमध्ये १९५५ साली जन्मलेला हा छायाचित्रकार लहानपणीच ब्रिटनमध्ये आला. १९८८ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात कृष्णवर्णीय छायाचित्रकारांनी ‘ऑटोग्राफ’ ही संस्था उभी केली, तिचे ते पहिले अध्यक्ष. ब्रिटनमध्ये ‘कलम २८’ आलं तेही याच वर्षी. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ देऊ नये, असं सांगणारा हा कायदा इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत टिकला. म्हणजे सरकार एक दार लावत होतं त्याच वर्षी ही माणसं दुसरं उघडत होती. फानी-कायोदे १९८९ च्या डिसेंबरात गेले, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी. त्यांचं काम आज बघायला मिळतं ते मागे राहिलेल्यांनी निगेटिव्ह आणि प्रिंट जपल्या म्हणून.

‘ऑटोग्राफ’च्या संस्थापकांत दिल्लीत जन्मलेले सुनील गुप्ता होते. त्या काळात ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ हा शब्द राजकीय अर्थाने वापरला जाई, आशियाई माणसंही त्यात स्वतःला मोजत. हे आपल्या मुलांना सांगितलं की त्यांना हुरूप येतो, आणि तिथेच मला धास्ती वाटते. तो शब्द तेव्हा सगळ्यांनी मिळून वापरला होता. त्याच्या आधारावर आज कृष्णवर्णीय कलाकारांच्या निवड समितीत आपण खुर्ची अडवून बसायचं, हे चुकीचं आहे. सामान उचला, हिशेब ठेवा, अर्ज लिहा, पण कोणाचं काम लागणार हे त्यांना ठरवू द्या.

माझी सवय म्हणाल तर नवीन प्रकल्प आला की आधी दोन दिवस अभिलेखागारात काढायचे. अजामू आणि टोफर कँपबेल या कलाकारांनी २००५ मध्ये ‘रुकस’ नावाने कृष्णवर्णीय क्वीअर समाजाची कागदपत्रं गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह ‘द लंडन आर्काइव्ह्ज’ या शहराच्या अभिलेखागारात आहे. तिथे क्लबांची हातात वाटलेली पत्रकं बघा. कित्येक वर्षं माणसांना गॅलरीच्या कितीतरी आधी क्लबांत, नाचाच्या त्या फरशीवर, जागा मिळत होती. दोन दिवसही ज्याच्याकडे नाहीत त्याने हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काच आणि दिवे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि तिच्याबद्दल कोणीच लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या गॅलरीत एका कृष्णवर्णीय लेस्बियन छायाचित्रकर्तीची स्वतःची व्यक्तिचित्रं लागणार होती. मोठे कृष्णधवल प्रिंट, गडद त्वचा, त्याहून गडद पार्श्वभूमी. मांडणीला आठवडा हवा होता, क्युरेटरने दोन दिवस दिले आणि मी हो म्हटलं, ही माझी चूक. भिंती पांढऱ्याशुभ्र, काच साधी, समोर रस्त्याकडची मोठी खिडकी. उद्घाटन सहाला होतं. चारला कलाकार आल्या आणि पहिल्या चित्रासमोर थांबल्या. काचेत खिडकी दिसत होती, बाहेरची लाल बस दिसत होती, दारावरची हिरवी पाटी दिसत होती. चेहरा दिसत नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे होऊन त्यांनी दोन्ही तळहात काचेवर आडवे धरले, आणि त्या सावलीपुरता एक डोळा वर आला. फक्त एक डोळा. दोन तास आम्ही धावपळ केली, सात दिवे बंद केले, खिडकीला काळं कापड ठोकलं, फ्रेमा वरून थोड्या पुढे झुकवल्या. तरी दोन चित्रं शेवटपर्यंत नीट दिसलीच नाहीत. स्वतःसाठी जागा केली आहे असं सांगून बोलावलेल्या माणसाला तिथे स्वतःचाच चेहरा शोधावा लागला, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

तेव्हापासून मी एक फ्रेम आधी मागवते, एकच. ती ठरलेल्या जागी टांगून दुपारी आणि दिवे लागल्यावर अशी दोनदा समोर उभी राहते. समोरची भिंत गडद, मॅट रंगाची करून घेते. परावर्तन न होणारी काच महाग पडते हे खरं, पण तो पैसा मी कॅटलॉगमधून काढायला लावते. कॅटलॉगची पानं कमी झाली म्हणून कोणाचा चेहरा पुसला जात नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे निमंत्रणपत्रिकेसाठी फोटो ‘जरा उजळ’ करणं. हा शब्द आपण मराठी माणसं किती सहज वापरतो! दक्षिण आफ्रिकेतले छायाचित्रकार झानेले मुहोली स्वतःच्या चित्रांच्या एका मालिकेत कॉन्ट्रास्ट मुद्दाम वाढवतात, त्वचा आणखी काळी दिसावी म्हणून. मालिकेच्या झुलू नावाचा अर्थच ‘काळ्या सिंहिणीचा जयजयकार’ असा आहे. अशा फाइलला परवानगीशिवाय हात लावणं म्हणजे कलाकाराचं वाक्य खोडणं.

नाव, सर्वनाम, फोटो

मुहोली स्वतःसाठी ‘ती’ किंवा ‘तो’ वापरत नाहीत. मराठीत लिहिताना यावर अडून बसायचं कारण नाही. ‘मुहोली म्हणतात’, ‘मुहोली यांनी’ एवढं लिहिलं की काम भागतं. आदरार्थी रूपं आपल्याकडे आहेतच, वापरा.

२००६ पासून मुहोली कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स व्यक्तींची छायाचित्रं काढत आहेत आणि चित्रातल्या माणसांना ‘सहभागी’ म्हणतात. त्या देशाच्या १९९६ च्या संविधानात लैंगिक कलाच्या आधारावर भेदभावाला मनाई आहे, समलिंगी विवाह २००६ मध्ये कायदेशीर झाला, आणि तरीही तिथे लेस्बियन मुलींचे खून होत राहिले. म्हणून भिंतीवरच्या पट्टीवर पूर्ण नाव लिहायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येकाला वेगळा विचारायचा. भिंतीसाठी दिलेला होकार इन्स्टाग्रामसाठी धरायचा नाही. उद्घाटनाच्या गर्दीतल्या एका फोटोमुळे एका मुलाच्या घरी जे कळायला नको होतं ते कळलं, आणि त्याला महिनाभर मित्राकडे राहावं लागलं. फोटो टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. आता मी दारात दोन रंगांचे स्टिकर ठेवते, लाल स्टिकरवाल्याचा फोटो नाही.

आणि कामाच्या प्रती ठेवा. २०१२ मध्ये मुहोली यांच्या केपटाऊनच्या घरातून वीसहून जास्त हार्ड डिस्क चोरीला गेल्या, कित्येक वर्षांचं काम गेलं. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फक्त ऑक्टोबरात (ब्रिटनमधला कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना) किंवा फक्त जूनमध्ये (प्राइडचा महिना) बोलावू नका. मानधन पत्रात आकड्याने लिहा, ‘तुमचं नाव होईल’ हे मानधन नव्हे. एकाच कलाकारावर सगळ्या समाजाचं ओझं टाकू नका, किमान तिघे हवेत. सुरक्षारक्षकांशी आधी बोला, नाहीतर ते कृष्णवर्णीय पाहुण्यांच्याच मागे फिरतात आणि तुमचं अख्खं प्रदर्शन तिथेच संपतं.

आधी विचारत नाहीत

लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्क या वस्तीत चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर्ट अँड प्रॅक्टिस’ ही संस्था सुरू केली, ती प्रदर्शनांपुरती नाही. आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीत वाढून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आधार देणं हेही तिचं काम. परिसराला काय हवं हे ओळखून केलेली जागा अशी असते. घाईत असलेला नवखा क्युरेटर मात्र भिंत मोजूनच येतो.

गेल्या वर्षी नाशिकची एक मुलगी आली होती. तिच्याकडे थोडा निधी होता आणि पाच कलाकारांची नावं. मी तिला एवढंच सांगितलं, भिंतीबद्दल बोलूच नकोस, काय हवंय ते विचार. पाचही जणांनी जवळपास एकच सांगितलं: संध्याकाळी सहानंतर बसता येईल अशी गरम खोली, मोठा स्कॅनर, आणि कोणी कागद हलवणार नाही असं टेबल. तिने प्रदर्शन पुढे ढकललं आणि पैसे सहा महिन्यांच्या भाड्याला घातले. खोलीच्या दोन किल्ल्या होत्या, दोन्ही कलाकारांकडे दिल्या. ती स्वतः आली की खालून बेल वाजवते आणि कोणीतरी येऊन दार उघडेपर्यंत थांबते.